समुद्रापासून दूर वर्ध्यात राहिले, पण समुद्र कसा पाहावा हे शिकवून गेले : काका कालेलकर

पिपरी (मेघे), वर्धा : आपल्या जिल्ह्यात समुद्रपूर आहे, पण समुद्र नाही. समुद्र पाहायचा म्हटलं तर अख्खं राज्य आडवं ओलांडावं लागते. त्यामुळं आपल्या इकडच्या शेतकऱ्याला समुद्राचं काय घेणंदेणं, असं कोणी विचारलं तर त्याचं चुकलं म्हणता येत नाही. पण गंमत अशी, की ज्या माणसानं नद्या आणि समुद्र यांच्यावर आयुष्यभर जीव लावून लिहिलं, तो माणूस कित्येक वर्षं आपल्या वर्ध्यातच राहत होता.

नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. सगळा देश त्यांना काका कालेलकर म्हणून ओळखतो. २१ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन. आरक्षणाची गोष्ट निघाली की कालेलकर आयोग हा शब्द आपल्या कानावर पडतो. ते कालेलकर हेच. पण आज त्यांची आठवण काढतो आहे ती आयोगासाठी नाही, समुद्रासाठी.

त्याला कारण आहे. मागं एकदा दिवाळीनंतर आम्ही गावातले पंधरा-सोळा जण गाडी करून मालवणला गेलो होतो. बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. गाडी थांबायची देर, पोट्टे चपला फेकून थेट पाण्यात. ओहोटी लागली होती, ते आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हतं. एक पोरगा बघता बघता गळ्यापर्यंत गेला. वाळूत जाळं विणत बसलेला एक माणूस ओरडत धावला आणि त्याला ओढून घेऊन आला, म्हणून निभावलं. दुसऱ्यानं खडकातून जिवंत तारामासा उचलून पाण्याच्या बाटलीत भरला, गावाकडं दाखवायला. संध्याकाळपर्यंत तो मेला. कोल्हापूरच्या अलीकडं कुठंतरी ती बाटली आम्ही खिडकीतून फेकली. मीही त्याच गाडीत होतो आणि काही बोललो नाही. घरी आल्यावर काकांची पुस्तकं वाचत गेलो, तसतसं आमचं काय चुकलं ते कळत गेलं.

साताऱ्याचा दत्तू आणि मुरगावचा समुद्र

काकांचा जन्म १ डिसेंबर १८८५ चा, साताऱ्याचा. घराणं मूळचं सावंतवाडीकडच्या कालेली गावचं, म्हणून आडनाव कालेलकर. वडील सरकारी नोकरीत होते. बदली होईल तिकडं सगळा संसार हलायचा. त्यामुळं लहानपण सातारा, बेळगाव, कारवार असं फिरण्यातच गेलं. घरात त्यांना दत्तू म्हणत. बेळगावजवळ बेळगुंदीला त्यांची शेती होती आणि शेजारून मार्कंडी नावाची लहानशी नदी वाहत होती. या नदीला ते आपली मैत्रीण मानत. मोठ्या नद्यांवर पुढं कितीही लिहिलं, तरी या मैत्रिणीला ते विसरले नाहीत. आपल्यालाही लहानपणी ज्या नाल्यात म्हशी धुतल्या तो नाला आठवतो, तसंच ते.

वडिलांची बदली साताऱ्याहून कारवारला झाली, तेव्हा दत्तू अजून लहान होता. कारवार त्या काळी मुंबई इलाख्यातच होतं. आजच्यासारखी कोकण रेल्वे नव्हती. दूधसागरचा धबधबा लागतो तो घाट रेल्वेनं उतरून गोव्यात मुरगावला जायचं आणि तिथून बोटीनं कारवार गाठायचं, असा रस्ता. मुरगावला त्यानं पहिल्यांदा समुद्र पाहिला. देशावरच्या पोरानं तोपर्यंत विहीर पाहिलेली, नदी पाहिलेली. ज्याला पलीकडचा काठच नाही असं पाणी पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं. म्हातारपणापर्यंत ती आठवण त्यांच्याजवळ ताजी राहिली आणि त्यांनी ती लिहूनही ठेवली.

कारवारला काळी नदी समुद्राला मिळते. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी एकमेकांत कसं मिसळते, भरतीच्या वेळी समुद्र नदीत कसा शिरतो आणि ओहोटीला नदी समुद्रात कशी जाते, हे त्या पोरानं रोजच्या रोज पाहिलं. शाळेत शिकवतात तो भूगोल त्याला घराबाहेरच मिळाला.

छप्पन वर्षं राहिलेली इच्छा

कारवारच्या किनाऱ्यावरून समुद्रात एक बेट दिसते, त्यावर दीपस्तंभ आहे. रात्री त्याचा दिवा फिरताना दिसायचा. तिथं जावं असं लहान दत्तूला फार वाटायचं. पण तेव्हा ते जमलं नाही. पुढं शिक्षण, चळवळ, तुरुंग, आश्रम, सगळं झालं. शेवटी छप्पन वर्षांनी काका त्या बेटावर पोचले. त्यावर त्यांनी जो लेख लिहिला, त्याच्या नावातच छप्पन वर्षांची भूक आहे.

ही गोष्ट मला मोठी वाटते. आपण समुद्रावर जातो, दोन तासांत पाण्यात उतरतो, फोटो काढतो, मासे खातो, निघतो. आणि हा माणूस एका बेटासाठी अर्धशतकाच्या वर थांबला. समुद्रानं आज नाही म्हटलं, तर नाही. राग नाही, हट्ट नाही. उन्हाळ्यात आभाळाकडं बघत बसणाऱ्या शेतकऱ्याला हे थांबणं समजावून सांगायची गरज नाही. पेरणीची घाई केली तर दुबार पेरणीची पाळी येते, हे आपल्याला माहीत आहे. समुद्राजवळ मात्र आपण ही अक्कल घरी ठेवून जातो.

दत्तूचे काका झाले

१९०७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते बी.ए. झाले. वकिली किंवा सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण देशासाठी काम करायचं वेड होतं. बेळगावला राष्ट्रीय शाळेत शिकवलं, वर्तमानपत्रात काम केलं, मग बडोद्याला गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. तिथं शाळा घरासारखी असावी म्हणून शिक्षकांना नात्यानं हाक मारायची पद्धत होती. कोणी मामा, कोणी अण्णा. कालेलकर झाले काका. ती शाळा सरकारच्या दबावानं बंद पडली, पण काका हे नाव जन्मभर चिकटलं.

शाळा बंद झाल्यावर १९१२ मध्ये ते हिमालयात पायी फिरले. नद्यांचे उगम पाहिले. त्यानंतर आचार्य कृपलानी यांच्यासोबत ब्रह्मदेशाला गेले. बंगालच्या उपसागरातून तो बोटीचा प्रवास. म्हणजे एका बाजूला बर्फ वितळून पाणी निघते ती जागा त्यांनी पाहिली आणि दुसऱ्या बाजूला ते पाणी जिथं जाऊन पडते तो समुद्रही पाहिला. पुढं त्यांच्या लिखाणात डोंगर, नदी आणि समुद्र वेगवेगळे येत नाहीत. एकाच पाण्याच्या त्या तीन अवस्था आहेत, असं वाचताना वाटते.

१९१५ मध्ये शांतिनिकेतनात त्यांची गांधीजींशी गाठ पडली. रवींद्रनाथ टागोरांच्या त्या शाळेत काका तेव्हा राहत होते. टागोरही तरुणपणी कारवारच्या समुद्राजवळ राहून आले होते, कारण त्यांचे थोरले भाऊ तिथं न्यायाधीश होते. एकाच किनाऱ्यावर दोघांनी समुद्र पाहिलेला, आणि गाठ पडली ती बंगालच्या लाल मातीत.

तिथून काका साबरमती आश्रमात गेले. गुजराती ही त्यांची मातृभाषा नव्हती, पण त्या भाषेत त्यांनी एवढं आणि इतकं चांगलं लिहिलं, की गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ठरवून टाकलं. मराठी माणसाला गुजरातनं आपल्या मोठ्या लेखकांत बसवलं, हे सहज होत नाही.

तुरुंगातल्या मुंग्या

१९२३ मध्ये इंग्रज सरकारनं त्यांना राजद्रोहासाठी साबरमतीच्या तुरुंगात टाकलं. वर्षभराची शिक्षा. तिथं ना नदी, ना समुद्र. दुसरा असता तर भिंतीकडं बघून खचला असता. काकांनी तिथं मुंग्या पाहिल्या, खारी पाहिल्या, कावळे आणि मांजरं पाहिली. कोण कुठून येते, काय नेते, कोणाशी भांडते, सगळं टिपून ठेवलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. तुरुंगाच्या उत्तरेकडच्या भिंतींवरून त्या पुस्तकाला नाव दिलं.

त्या पुस्तकाची खास गोष्ट म्हणजे त्यातलं पाहणं. जीव आवडला म्हणजे तो खिशात घातलाच पाहिजे असं नाही. आमच्या गाडीतल्या बाटलीतला तारामासा मला इथं आठवला. तारामासा नावाला मासा आहे. त्याला माशासारखे कल्ले नाहीत. अंगाखाली शेकडो बारीक नळ्यांसारखे पाय असतात, त्यावर तो चालतो, त्यांच्यातूनच बराचसा श्वासही घेतो. समुद्राचं वाहतं पाणी सुटलं की तो गुदमरतो. बाटलीभर पाणी त्याला पुरत नाही. तसंच रिकामा दिसणारा शंख. कित्येकदा त्यात मऊ पोटाचा लहान खेकडा भाड्यानं राहत असतो. तो मोठा झाला की मोठा शंख शोधतो. आपण पिशवीभर शंख उचलून आणतो, म्हणजे कोणाचं तरी घर आणतो.

मिठाची मूठ

१९३० ची दांडी यात्रा सगळ्यांना माहीत आहे. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून ७८ जणांना घेऊन निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या समुद्रकाठी चिमूटभर मीठ उचललं. काका त्या वेळी गुजरात विद्यापीठाचे प्रमुख होते. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी पदयात्रेच्या पुढं जाऊन वाटेतल्या गावांची माहिती गोळा करत होती. त्याच वर्षी काकांनाही अटक झाली आणि काही महिने ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसोबत होते.

काकांना ताऱ्यांचाही नाद होता. तुरुंगातही रात्री आभाळ दिसलं की ते नक्षत्रं ओळखत, दुसऱ्याला दाखवत. गांधीजींना पुढं आकाशदर्शनाची जी गोडी लागली, ती लावण्यात काकांचा हात होता.

मीठ हे समुद्रानं गरिबाच्या भाकरीला दिलेलं देणं आहे, त्यावर सरकारचा मक्ता नाही, हा त्या लढ्याचा अर्थ. पण त्यातच दुसराही अर्थ आहे असं मला वाटते. समुद्र सगळ्यांचा आहे म्हणून मूठभर घ्यायचा हक्क सगळ्यांना आहे. आणि सगळ्यांचा आहे म्हणूनच तो ओरबाडायचा हक्क कोणालाही नाही. गावच्या गायरानाचं जे, तेच समुद्राचं.

कोकणातले कोळी हे जुन्या काळापासून पाळत आले आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि बरेच मासे अंडी घालतात तोही हाच काळ. म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा मासेमारीला लागतात. सरकारनंही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या बोटींना मासेमारीची बंदी ठेवली आहे. आपण पोळ्याला बैलाच्या खांद्यावरचं जू उतरवतो, त्याला न्हाऊ घालतो. कोळ्यांनी समुद्राला दिलेली ही सुट्टी त्याच जातीची आहे.

वर्ध्याची वर्षं

१९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावला म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. काकाही गुजरात सोडून वर्ध्याला आले. वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये सुरू झाली, त्या कामात ते होते. पुढं हिंदुस्तानी प्रचार सभेचं काम त्यांनी केलं. काकावाडी हे वर्ध्यातलं नाव त्यांच्यावरूनच पडलं. दादा धर्माधिकारी यांच्यासोबत त्यांनी सर्वोदय नावाचं मासिक चालवलं. देवनागरी लिपी सोपी करायची खटपट केली. त्या काळच्या छपाईत अ या अक्षरालाच वेलांटी आणि उकार लावलेले दिसतात, त्या सुधारणेचा त्यांनीही पुरस्कार केला. १९४२ च्या चळवळीत पुन्हा तुरुंगात गेले.

वर्ध्याचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. पारा ४५ च्या पुढं, विहिरी तळाला, धाम नदीत दगडं उघडी. अशा गावात हा समुद्रवेडा माणूस राहिला आणि देशभर हिंडत राहिला. जिथं जाईल तिथली नदी, धबधबा, तळं, समुद्र पाहायचा आणि लिहायचा. नद्यांवरच्या लेखांचं पुस्तक झालं, त्याचं नाव लोकमाता. नदी ही लोकांची आई. पुढं त्यात तळी, धबधबे आणि समुद्राचे लेख येऊन मोठं पुस्तक झालं, जीवनलीला. जीवन म्हणजे आयुष्यही आणि पाणीही, हे नाव त्यांनी समजूनच ठेवलं असणार.

चांदीपूरची ओहोटी आणि तिथीचं गणित

त्यांनी ओडिशातल्या चांदीपूरच्या समुद्रावर लिहिलं आहे. हा किनारा जगावेगळा आहे. ओहोटीला तिथलं पाणी काही किलोमीटर आत सरकते. सकाळी जिथं लाटा होत्या, तिथं दुपारी माणसं चालतात. त्या ओल्या जमिनीवर खेकडे, शिंपले आणि घोड्याच्या नालेसारख्या पाठीचा एक प्राणी दिसतो. त्याला नालखेकडा म्हणता येईल, पण खेकड्यापेक्षा तो कोळी आणि विंचवाला जवळचा. त्याचं रक्त निळं असते. डायनोसॉर पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधीपासून त्याची जात आहे.

काकांनी भरती-ओहोटीवर वेगळंही लिहिलं. आपण भरती-ओहोटी नीट समजून घेतली असती, तर आमचा पोरगा गळ्यापर्यंत गेला नसता. म्हणून सोप्या भाषेत सांगतो. चंद्र आणि थोड्या प्रमाणात सूर्य समुद्राचं पाणी ओढतात. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार कमी, त्याला भांग म्हणतात.

कोकणात यासाठी एक साधं गणित आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या सुमाराला. तिथून सहा तासांनी ओहोटी. हे ढोबळ आहे, गावागावात फरक पडतो, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचंच. पण आपल्या घरी पंचांग आहे, कालनिर्णय भिंतीवर आहे. पेरणीला नक्षत्र बघतो, तर समुद्रावर जाताना तिथी बघायला काय हरकत?

आणखी एक. लाटा किनाऱ्यावर आल्या की ते पाणी परत जायला वाट शोधते. कधी कधी ते एका अरुंद पट्ट्यातून जोरानं मागं जाते. वरून तिथं लाटा कमी दिसतात, म्हणून पोट्ट्यांना तीच जागा सोपी वाटते. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत त्या ओढ्यातून बाहेर पडावं आणि मग काठाकडं वळावं. ज्याला विहिरीत पोहता येते त्याला समुद्रात पोहता येते, असं नाही. विहिरीचं पाणी थांबलेलं असते, समुद्राचं चालत असते.

राजमहेंद्रीचा पूल

आता आपल्याशी थेट नातं असलेली गोष्ट. काकांच्या सगळ्यात गाजलेल्या लेखांपैकी एक गोदावरीवर आहे. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीचं पात्र त्यांनी रेल्वेतून पाहिलं आणि त्या रूपानं ते भारावून गेले. एवढं पाणी, एवढा पसारा. दक्षिणेची गंगाच.

राजेहो, ते पाणी कुठून आलं होतं? आपल्या भागातला पाऊस धामेनं जावो की यशोदेनं, शेवटी जातो वर्धा नदीला. वर्धा पुढं वैनगंगेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. मग भद्राचलम, मग राजमहेंद्री आणि पुढं बंगालचा उपसागर. म्हणजे काकांनी पुलावरून जी गोदावरी पाहिली, तिच्यात वर्ध्याचंही पाणी होतं. ज्या गावात ते राहिले, त्या गावच्या पावसाचा थेंब त्या समुद्रवाटेवर होताच.

आणि आजही आहे. फक्त आज थेंबासोबत दुसरंही जाते. कपाशीवर फवारलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आपण धुऱ्यावर टाकतो, पहिल्या मोठ्या पावसात त्या नाल्यात जातात. युरिया जास्त पडला की तोही वाहून जातो आणि समुद्राच्या तोंडाशी शेवाळ वाढवतो. शेवाळ कुजलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे मरतात. गोदावरीच्या मुखाजवळ कोरिंगाचं खारफुटीचं मोठं जंगल आहे. तिथल्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पाण्यात तरंगणारी पातळ पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते ती गिळते आणि आतडं बंद होऊन मरते. पिपरीच्या आठवडी बाजारातली पिशवी तिथपर्यंत जाणार नाही, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

हेच कासव आपल्या कोकणातही येते. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गावच्या लोकांनी २००२ पासून त्याची घरटी राखली आहेत. ज्या गावात आधी अंडी चोरीला जात, तिथं आता पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक लांबून येतात आणि गावातल्या घरांत राहतात. कासव जिवंत ठेवून चार पैसे मिळाले. काकांनी जे पाहणं शिकवलं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

शेवटपर्यंत प्रवास

स्वातंत्र्यानंतर काका थांबले नाहीत. १९५० मध्ये ते पूर्व आफ्रिकेला गेले, अरबी समुद्र ओलांडून. वय पासष्टीला आलेलं. त्या प्रवासात विषुववृत्त ओलांडल्याचा आनंद त्यांनी लहान पोरासारखा लिहिला. युगांडात नाईल नदी जिथून निघते ती जागाही पाहिली. नंतर जपानलाही जाऊन आले.

१९५२ ते १९६४ ते राज्यसभेत होते. १९५३ मध्ये पहिला मागासवर्ग आयोग नेमला गेला, त्याचे ते अध्यक्ष. १९५५ मध्ये आयोगानं अहवाल दिला, पण स्वतः अध्यक्षांनीच सोबतच्या पत्रात जातीच्या निकषावर शंका घेतली. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि आजही होते. ती बाजूही त्यांच्या आयुष्यात आहे, झाकायचं कारण नाही. १९६४ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९६५ मध्ये गुजराती पुस्तकासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार. शेवटची वर्षं दिल्लीत राजघाटाजवळ सन्निधी इथं काढली. २१ ऑगस्ट १९८१ ला ते गेले, तेव्हा वय पंच्याण्णव.

आपल्या गावातून समुद्रावर जाणाऱ्यांसाठी

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्या इकडून मुंबई आणि कोकणाला जाणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत. चांगलंच आहे. पोरांनी समुद्र पाहिलाच पाहिजे. पण काकांच्या रीतीनं पाहावा. पहिला तासभर नुसतं काठावर बसावं. पाणी चढते आहे की उतरते आहे, ते वाळूत काडी रोवून बघावं. गावचा माणूस नको म्हणाला की नको. लाल झेंडा दिसला की पाय मागं. दारू घेऊन पाण्यात जाणं म्हणजे घरच्यांना रडवणं.

मालवणला पाण्याखाली प्रवाळ पाहायला नेतात. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ दगडासारखं दिसते, पण ती लहान लहान जिवांची वसाहत आहे. त्यावर पाय ठेवला की ते मरते, आणि हातभर वाढायला त्याला कित्येक वर्षं लागतात. पाहावं, उभं राहू नये.

आणि एक खास आपल्या इकडची गोष्ट. जत्रेत आणि फोनवर इंद्रजाल नावाची काळी, जाळीदार वनस्पती विकतात. घरात फ्रेम करून लावली की भरभराट होते म्हणतात. ती वनस्पती नाही. समुद्राच्या तळाशी वाढणारं प्रवाळ आहे, जिवांची वसाहत मोडून आणलेली. वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहे. विकणारा आणि घेणारा, दोघांवरही गुन्हा होऊ शकतो. कोणाचं घर मोडून आपल्या घरी लक्ष्मी येत नसते.

येत्या हिवाळ्यात आमची पुन्हा जायची गोष्ट चालली आहे. ज्यानं तारामासा उचलला होता, तो पोरगा आता बारावीला आहे. त्यानं आतापासूनच पंचांगातून भरतीची वेळ काढून ठेवली आहे. या खेपेला बाटली नेऊ, पण पाणी प्यायला. रिकामी झाली की परत गावाला आणू.